भरण आणि अंश

संतसज्जनहो, कीर्तन आटोपल्यावर बुक्का लावण्याच्या वेळी श्रोते जवळ येतात आणि चारचौघांत जे विचारता येत नाही ते विचारतात. कोणी मुलीच्या लग्नाचे विचारतो, कोणी बांधाच्या तंट्याचे. अलीकडे काही वर्षांत मात्र एक प्रश्न वारंवार कानी पडू लागला आहे, आणि तो विचारणारी माणसे बहुधा सत्तरीच्या पुढची असतात. "महाराज, आमचा एक मुलगा असा आहे. आम्ही आहोत तोवर ठीक. आमच्यामागं त्याचं काय?" 'असा' म्हणजे कसा, हे सांगावे लागत नाही. कोणाची दृष्टी गेलेली असते, कोणाचे पाय, कोणाची बुद्धी सहा-सात वर्षांच्या लेकराएवढीच राहिलेली असते.

या प्रश्नाला लोकांपाशी दोन उत्तरे तयार असतात. एक, धाकटा भाऊ बघेल. दुसरे, कुठल्याशा संस्थेत ठेवू. दोन्ही उत्तरांत वाईट हेतू नाही. पण ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो त्या दोन्हींत कुठेच नसतो. तो 'मुलगा' पंचेचाळीस वर्षांचा झालेला असतो, मंडपाच्या कडेला बसलेला असतो, आणि आपल्याविषयीचे हे सारे बोलणे ऐकत असतो. त्याला काय हवे, हे कोणी त्याला विचारल्याचे आमच्या तरी फारसे पाहण्यात नाही. या लेखात आम्हांस विचार करावयाचा आहे तो एवढ्याच गोष्टीचा. अपंग माणसाने उतारवयात कोठे व कसे राहावे, आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

हा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी एवढा का उठला नाही? कारण अशी बहुतेक लेकरे म्हातारी होईपर्यंत जगतच नसत. ज्या बौद्धिक अपंगत्वास डाऊन सिंड्रोम म्हणतात, ते घेऊन जन्मलेली मुले शंभर वर्षांपूर्वी दहा-बारा वर्षांपलीकडे क्वचित जात. आज औषधे व हृदयाच्या शस्त्रक्रिया यांमुळे प्रगत देशांत ती साठीपर्यंत पोहोचतात. शिवाय त्यांना म्हातारपण इतरांहून लवकर गाठते, विस्मरणही लवकर येते. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात दोन कोटी अडुसष्ट लाख अपंग मोजले गेले, त्यांपैकी सुमारे साडेएकोणतीस लाख महाराष्ट्रातले. आपल्या नाशकातच बघा. रजनीताई लिमये यांनी १९७७ साली प्रबोधिनीच्या द्वारे मतिमंद मुलांच्या शाळेचे काम उभे केले. त्या पहिल्या वर्षांत बोट धरून आलेले लेकरू आज पन्नाशी ओलांडून साठीकडे चालले असेल, आणि ज्यांचे बोट धरून ते आले ते आईबाप ऐंशीच्या घरात असतील, किंवा नसतील. शाळेचा प्रश्न त्या पिढीने सोडविला. घराचा प्रश्न आपल्या पिढीपुढे येऊन ठाकला आहे.

आता धर्मशास्त्र काय म्हणते ते आधी पाहू, कारण आमचा पिंड त्या पोथ्यांवर पोसलेला आहे. मनूने वाटणीच्या प्रकरणात एक यादी दिली आहे. जन्मांध, बहिरा, मुका, वेडा, जडबुद्धी, इंद्रियहीन अशांना वडिलार्जित संपत्तीत अंश नाही, असे तो सांगतो. याज्ञवल्क्याचेही मत तसेच. पण त्याला लागूनच दोघेही दुसरी गोष्ट सांगतात. या सर्वांचे भरण केलेच पाहिजे. मनूच्या मते तर जो करणार नाही तो पतित. म्हणजे त्यांना अन्नवस्त्र आहे, पण वाटा नाही. ते 'भर्तव्य' आहेत, 'अंशभागी' नाहीत. मिताक्षराकार विज्ञानेश्वराने यात थोडी दारे उघडली. वाटणीनंतर औषधोपचाराने दोष गेला तर त्याचा अंश त्याला द्यावा, आणि त्याचे पुत्र निर्दोष असतील तर त्यांना वाटा मिळावा, असे तो म्हणतो. पण मूळ भेद तसाच राहिला.

कायद्याने हा भेद आपल्या डोळ्यांदेखत मिटविला. १९२८ च्या कायद्याने जन्मजात वेड व जडबुद्धी सोडून बाकीच्या व्यंगांची अडचण दूर केली. पुढे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने, रोग, दोष किंवा व्यंग यांच्या कारणाने कोणाचाही वारसा जाणार नाही, असे साफ सांगितले. आज सात-बारावर आंधळ्या भावाचे नाव लागते. परंतु सज्जनहो, कागदावर अंश आला तरी घरात अजून भरणच चालले आहे. ताट वेळेवर येते, पण आज काय रांधावे हे त्याला कोणी विचारीत नाही. अंथरूण आहे, पण ते कोणत्या खोलीत घालावे हे दुसरे ठरवितात. पाहुणे आले की त्याला आत नेतात. त्याच्या हिश्शाच्या पिकाचे पैसे त्याच्या हातावर येत नाहीत, "त्याला काय करायचेत?" असे म्हणून ते संसाराच्या पेटीत जातात. भरण झाले, अंश राहिला.

धृतराष्ट्राची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. थोरला असून तो आंधळा म्हणून राज्य पांडूस मिळाले. हस्तिनापुरात त्याला काही उणे नव्हते; सेवक होते, वस्त्रे होती, पंक्वान्ने होती. तरी आपल्याला वगळले हा सल त्याच्या उरातून कधी निघाला नाही. पुढे जे झाले त्याचा दोष त्याच्या पुत्रमोहाला द्यावा लागेल, आंधळेपणाला नव्हे. पण पोटभर जेवणाऱ्या माणसाच्याही उरात न मिळालेल्या वाट्याची आग राहू शकते, एवढे व्यासांनी आपल्याला दाखवून ठेवले आहे.

आता 'स्वतंत्र' या शब्दाकडे वळू, कारण सगळी गफलत त्या शब्दात आहे. अपंगाने स्वतंत्र राहावे म्हटले की लोक हसतात. "ज्याला पाण्याचा तांब्या उचलवत नाही तो स्वतंत्र कसा?" असे विचारतात. याला व्याकरणाने फार सुंदर उत्तर दिले आहे. पाणिनीने कर्त्याची व्याख्या करिताना 'स्वतंत्र' हाच शब्द वापरला. आता देवदत्त भात शिजवितो असे म्हटले, तर त्याला लाकडे लागत नाहीत काय? भांडे, पाणी, अग्नी लागत नाही काय? यांतले एक जरी नसले तरी भात शिजायचा नाही. तरी कर्ता देवदत्तच, कारण या साऱ्यांना कामाला लावणारा तो आहे. म्हणजे ज्याला कशाचीच गरज नाही तो स्वतंत्र, असा अर्थ शास्त्राने कधीच केला नाही. तसा स्वतंत्र शोधू गेले तर एक परमात्माच सापडेल. तुम्हांआम्हांला तर सकाळच्या दुधासाठी गवळ्याची वाट पाहावी लागते.

पाणिनी याच्याही पुढे गेला आहे. जो दुसऱ्या कर्त्याला प्रेरणा देऊन काम करवितो त्यालाही त्याने कर्ताच म्हटले. त्यास आम्ही प्रयोजक कर्ता म्हणतो. देवदत्त यज्ञदत्ताकडून भात शिजवून घेतो, तेव्हा हात यज्ञदत्ताचे हलतात, पण देवदत्ताचे कर्तेपण जात नाही. आता हेच घरात लावून पाहा. हातपाय न हलणारा मनुष्य सेवकास म्हणतो, "मला सहाला उठव, निळा सदरा घाल, आणि अंगणात नेऊन बसव." येथे कर्ता कोण? अंग दुसऱ्याने उचलले, पण कर्ता तोच. उलट घरची माणसे त्याला न विचारता उठवितात, न्हाऊ घालतात, निजवितात, तेव्हा तेच अंग, तेच पाणी, तेच प्रेम असूनही तो माणूस त्या वाक्यात कर्ता राहत नाही, कर्म होतो. दिवसभर प्रत्येक वाक्यात कर्म होऊन राहणे, आणि ते साठ वर्षे, याची नुसती कल्पना करून पाहावी. मनूनेही परवशतेला दुःख आणि आत्मवशतेला सुख म्हटले आहे. मग ही परवशता आपल्याच घरात आपण सेवा म्हणून कशी वाढतो?

अमेरिकेत एड रॉबर्ट्स नावाचा मनुष्य होऊन गेला. लहानपणी पोलिओ होऊन मानेखालचे सारे शरीर लुळे पडलेले, श्वासालाही यंत्र लागे. त्याने सोबत्यांसह १९७२ साली बर्कली या गावी अपंगांनी स्वतः चालविलेले केंद्र काढले. आपला मदतनीस आपण निवडावा, काम आपण सांगावे, नको तर तोही आपणच बदलावा, अशी त्यांची रीत. त्याने पाणिनी वाचला असेल असे नाही, पण प्रयोजक कर्ता म्हणजे काय ते त्याला पुरते कळले होते.

येथे पूर्वपक्ष उभे राहतात. त्यांचे समाधान केल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे.

पहिला पूर्वपक्ष असा की, आपल्या रक्ताच्या माणसाला वेगळे ठेवणे हा अधर्म आहे. घर असताना घराबाहेर का? याचे उत्तर असे की, वेगळे राहणे आणि टाकून देणे या दोन गोष्टी आहेत. धडधाकट मुलगा लग्न करून वेगळी चूल मांडतो तेव्हा कोणी त्याला टाकले असे म्हणत नाही. दिवाळीला तो येतो, आजारपणात आपण जातो. मग अपंग मुलाने आपल्यासारख्या दोघाचौघांबरोबर चूल मांडली तर तेवढ्यानेच नाते कसे तुटले? आणि ज्याला घरीच राहावयाचे आहे त्याने खुशाल घरी राहावे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या पाचव्या कलमाचा आशय हाच आहे की, अपंगाला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि एका ठरावीक व्यवस्थेतच राहा अशी सक्ती त्याच्यावर होऊ नये. सक्ती संस्थेची नको, तशी घराचीही नको.

दुसरा पूर्वपक्ष आमच्याच संप्रदायातून येतो, म्हणून तो जड आहे. महाराज, आपण तर 'मी कर्ता' हा अभिमान टाकायला सांगता. मग याला कर्तेपण मिळवून देण्याचा हा खटाटोप कशाला? शंका मोठी आहे. पण असे पाहा, आपल्यापाशी नसलेली वस्तू कोणी अर्पण करू शकतो काय? ज्याने उपवास करावयाचा त्याच्यापुढे ताट असावे लागते. ज्याला अन्नच मिळाले नाही त्याच्या उपाशीपणाला एकादशी म्हणत नाहीत. कर्तेपण भगवंताच्या पायी वाहावयाचे ते ज्याचे त्याने. दुसऱ्याच्या हातून ते काढून घ्यावयाचे आणि वर त्याला वैराग्य शिकवायचे, हा परमार्थ नव्हे, ही लूट आहे.

तिसरा पूर्वपक्ष कर्माचा. हे त्याचे पूर्वजन्मीचे भोग, आपण काय करणार? अहो, कर्मविपाक सांगितला आहे तो प्रत्येकाने आपले आचरण तपासावे म्हणून. दुसऱ्याची कुबडी पाहून त्याच्या मागल्या जन्माचा हिशेब मांडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? अष्टावक्राचे अंग आठ ठिकाणी वाकडे, पण जनकाने त्याच्यापाशी ज्ञान मागितले, अंगाचे कारण विचारले नाही. विदर्भातले गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टी गेलेले. १९१५ साली वयाच्या चौतिसाव्या वर्षी देह ठेवण्यापूर्वी त्यांनी जी ग्रंथरचना केली ती डोळस पंडितांना पेलवत नाही. त्यांना आपण 'प्रज्ञाचक्षु' म्हणतो. मग आपल्या आळीतल्या आंधळ्याला भोग का म्हणावे?

चौथा पूर्वपक्ष सर्वांत खरा आहे. ज्याची बुद्धीच अपुरी, त्याने कर्ता कसे व्हावे? त्याला पैसा कळत नाही, धोका कळत नाही. हे आम्ही मान्य करितो, आणि म्हणूनच त्याच्याजवळ जाणते माणूस असावे, त्याच्या पैशावर नजर असावी. राष्ट्रीय न्यासाचा १९९९ चा कायदा याचसाठी झाला. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून अठरा वर्षांवरील अशा व्यक्तीस पालक नेमून मिळतो. पण कर्तेपण म्हणजे सगळे किंवा काहीच नाही, असे नसते. बँकेचा कागद ज्याला कळत नाही त्याला वरणात मीठ जास्त झालेले कळते. कोणाशेजारी बसावे, कोण आपल्यावर खेकसतो, भजनाला जावे की निजावे, हे त्याला कळते. जेवढे कळते तेवढ्यात तरी तो कर्ता असावा, आणि ते क्षेत्र दरवर्षी तीळभर वाढावे, एवढेच मागणे आहे.

सांख्यशास्त्रात एक प्रसिद्ध दृष्टांत आहे, त्याला पंग्वंधन्याय म्हणतात. ईश्वरकृष्णाने प्रकृती-पुरुषाचा संयोग सांगताना तो योजिला. पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसला. एकाने वाट दाखविली, दुसऱ्याने चालविली, आणि दोघे वनातून पार झाले. हे आपण शाळेतही सांगतो. परंतु गौडपादांच्या भाष्यातील एक तपशील सहसा कोणी सांगत नाही. ते दोघे एका तांड्याबरोबर निघाले होते. वाटेत चोरांनी घाला घातला, आणि त्या पळापळीत त्यांच्या आप्तांनी त्यांना सोडून दिले. मग दैवयोगाने त्यांची गाठ पडली. म्हणजे आप्त गेल्यानंतर काय, हा जो प्रश्न आम्हांला बुक्क्याच्या वेळी विचारतात, तो भाष्यकारांच्या त्या रानात आधीच उभा होता. आणि उत्तर कोणा दात्याने येऊन दिले नाही. दोन उणी माणसे एकत्र आली. त्यांत उपकार करणारा कोण आणि घेणारा कोण, हे सांगता येत नाही.

पंचवटीत दोन खोल्यांच्या घरात असे दोन गृहस्थ राहतात. नावांचे कारण नाही. एक जन्मांध, भजनी मंडळांतून पखवाज वाजविणारे, वय सदुसष्ट. दुसऱ्यांचे पाय पोलिओने बालपणीच गेले. ते शिलाईचे काम करतात, वय चौसष्ट. विजेचे बिल हे वाचतात, पाणी ते भरतात. तीनचाकीवर हे बसतात, मागून ते ढकलतात. हे घर मिळण्यापूर्वी तीन घरमालकांनी, "तुम्हांला काही झालं तर आम्ही कुठं जबाबदारी घ्यायची?" म्हणून नकार दिला होता. पखवाजींचा पुतण्या भला माणूस. तो एकदा न्यावयास आला. म्हणाला, "काका, इथं तुम्हाला कोण आहे? गावी चला, सगळं हातात देऊ." काका म्हणाले, "सगळं हातात देता रे बाबा, म्हणून तर नको. इथं मला विचारतात." एके थंडीत शिंपीबुवा रात्री मोरीत घसरून पडले. आंधळ्याने चाचपडत जाऊन शेजाऱ्यांना उठविले. दुसऱ्या दिवशी सारी आळी म्हणू लागली, पाहा, म्हणूनच यांनी एकटे राहू नये. तेव्हा त्यांनी मोरीत एक लोखंडी दांडा बसवून घेतला आणि शेजारच्या घरात वाजेल अशी घंटा लावली. पडणे तर भरल्या घरातही होते. तेथे कोणी म्हणत नाही की या म्हाताऱ्याला घर सोडायला लावा.

मोठ्या प्रमाणावर हे झालेले नाही असेही नाही. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापून वरोऱ्याजवळ आनंदवनाचे काम आरंभिले. ज्यांना घरादाराने बाहेर काढले होते त्या कुष्ठरोग्यांनी खडकाळ जमिनीत विहिरी खोदल्या, धान्य पिकविले, घरे बांधली, लग्ने केली, आणि तेथेच ती माणसे म्हातारी झाली. त्यांना बाबांनी भिक्षा दिली नाही, काम दिले. म्हणून त्यांचे म्हातारपणही आश्रिताचे न राहता गावकऱ्याचे झाले. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी, स्वतः चाकाच्या खुर्चीवरून, १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली आणि शेकडो अपंगांना शिक्षण, काम व निवारा मिळवून दिला. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचे आत्मकथन पुष्कळांनी वाचले असेल. बौद्धिक अपंगांच्या पालकांनी एकत्र येऊन 'आधार' ही संस्था बदलापुरास काढली आणि पुढे आपल्या नाशिकच्या बाजूसही तिचे काम आले; आपल्यामागे मुलांचे काय, हाच प्रश्न त्या आईबापांना एकत्र आणणारा होता. नाशकातलीच 'घरकुल परिवार' ही संस्था मतिमंद मुली व बायकांचे घर चालविते. ही कामे थोर आहेत आणि यांना नावे ठेवण्याचा अधिकार हातावर हात ठेवून बसलेल्यास नाही.

पण संस्था म्हटली की माणसांची संख्या येते, संख्येबरोबर घंटा येते, आणि सर्वांना एकाच वेळी भूक लागावी अशी अपेक्षा येते. मायेने चालणाऱ्या संस्थेतही हे होते, कारण शंभर ताटे शंभर वेळांना वाढता येत नाहीत. म्हणून आमच्या मते मोठ्या संस्थांच्या जोडीस चार-सहा माणसांची लहान घरे गल्लीगल्लीत हवीत. कोठलेही घर पाहावयास गेलात तर फार चौकशा करू नका. कडी कोणत्या बाजूला आहे तेवढे बघा. आतून लावता येत असेल तर ते घर. नुसती बाहेरूनच लागत असेल तर भिंतीवर कितीही फुले काढलेली असोत, तो कोंडवाडा.

वारकऱ्यांना या घराची रीत परकी वाटू नये, कारण आपण ती दरवर्षी जगतो. निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठात त्र्यंबकाहून निघते. तिच्याबरोबरच्या दिंडीत माणसे एका रक्ताची नसतात, तरी एका पालाखाली निजतात. प्रत्येकाची भिशी ठरलेली असते. कमी ऐपतीचा कमी देतो, पण देतो, म्हणून पंगतीत तो पाहुणा नसतो. वीणा एकाकडे, मृदंग दुसऱ्याकडे, पताका तिसऱ्याकडे, डोईवर तुळस चौथीच्या. ज्याला काहीच येत नाही तो टाळ धरतो. म्हाताऱ्याच्या पायाला फोड आला तर दिंडी त्याचे ओझे घेते, त्याची वारी घेत नाही. हेच सारे बाराही महिने एका छपराखाली चालले तर जे होईल तेच आम्ही मागतो आहोत.

अशा घराला फार लागत नाही. तळमजला असावा, उंबरा नसावा, दारातून तीनचाकी जावी, मोरीत धरायला दांडा असावा. भाडेपावतीवर किंवा खरेदीखतावर राहणाऱ्यांची नावे असावीत, आणि किल्ली प्रत्येकाच्या कडदोऱ्याला. आईबापांनी ठेवलेला पैसा एकट्या भावाच्या भरवशावर न टाकता न्यास करून लेखी बांधावा, आणि त्याचा हिशेब दोन बाहेरच्या माणसांनी वर्षातून एकदा पाहावा. मदतनिसाला पगार वेळेवर आणि पुरेसा मिळावा, पण तो कसा वागतो हे आधी राहणाऱ्यांना विचारावे. वय वाढेल तशी गरज वाढेल. आज एक मदतनीस पुरतो, दहा वर्षांनी दोन लागतील, हे आधीच धरून चालावे. आणि मुख्य म्हणजे त्या घरी आळीतल्या माणसांचे जाणेयेणे असावे. ज्या घरी कोणी जात नाही तेथे अन्याय झाला तर कळणार कोणाला?

कूर्मदासांची कथा परंपरेने आपल्याला दिली आहे. हातपाय नाहीत, पैठणास घर. पंढरीचे वर्णन ऐकले आणि मनाने घेतले की आपणही जायचे. लोक हसले. तरी ते पोटावर सरपटत निघाले. वाटेत कोणी घास दिला, कोणी पाणी पाजले. ते त्यांनी घेतले, त्याची लाज धरली नाही. लऊळास देह थकला, एकादशी तर उद्यावर आली, तेव्हा विठ्ठल स्वतः तेथे आला असे परंपरा सांगते. लऊळास त्यांची समाधी आहे. या कथेत दोन गोष्टी आम्हांला नेहमी थांबवितात. देवाने त्यांना हातपाय दिले नाहीत. जसे होते तसे भेटला. आणि दुसरी, पैठणच्या शहाण्या माणसांनी त्या दिवशी त्यांच्या हिताची काळजी करून त्यांना घरात बसविले असते, तर भरण उत्तम झाले असते, भेट झाली नसती.

साने गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरी उपोषणास बसले ते मंदिराचे दार सर्वांना उघडावे म्हणून. दाराबाहेर उभ्या असलेल्यांना प्रसाद पोचतच होता. त्यांना दर्शन हवे होते. आज आपल्या घरात जो अपंग भाऊ, जी अपंग बहीण बसली आहे, त्यांच्यापर्यंत आपण प्रसाद पोचवितो आहोत. वाचकांच्या चरणी विनंती इतकीच की, हा अंक मिटल्यावर तिच्याजवळ, त्याच्याजवळ जाऊन बसावे आणि विचारावे, "तुला कुठं राहावंसं वाटतं? कोणाबरोबर?" उत्तर लगेच येणार नाही. ज्याला चाळीस वर्षे कोणी विचारले नाही त्याला बोलायला वेळ लागतो. आपण बसून राहावे. आणि ज्या दिंडीपाशी, ज्या देवस्थानापाशी गावात तळमजल्याची जागा रिकामी पडली असेल, त्यांनी तिचा उंबरा काढून टाकण्यास मुहूर्त पाहू नये. रामकृष्णहरि.